कॅराव्हॅनच्या छताचा १२ व्होल्ट फॅन उलटा चालवायचा आहे, नुसत्या वायरी बदलून भागेल का?

लातूर_कॅराव्हॅन

ट्रेलर कॅराव्हॅन आहे. छताला १४ बाय १४ इंचाच्या झरोक्यात १२ व्होल्टचा फॅन बसवलेला. झाकण हाताने फिरवून उघडायचं, तीन स्पीडचा गोल स्विच, मोटरला दोनच वायरी, लाल आणि काळी. फॅन फक्त हवा बाहेर फेकतो. फुल स्पीडला क्लॅम्प मीटरवर २.८ अँपिअर, फ्यूज ५ चा.

एप्रिल-मेमध्ये रात्री उशिरा बाहेर बरं वारं असतं, पण पत्रा तापलेला असल्याने आत उकडतं. ती बाहेरची हवा छतातून थेट अंथरुणावर घ्यायची आहे. लाल-काळी अदलाबदल करून बघितली. फॅन उलटा फिरायलाय, पण वारं म्हणावं तसं येईना गेलंय.

दर वेळी वायरी काढायच्या नाहीत, स्विच हवा. दुकानात म्हणतात टू-वे घ्या. तो चालेल का? वारं कमी का? आणि मोटरला काही होईल का?

---

ऑटो_वायरिंग_जालना

वायरी बदलल्यावर उलटा फिरला म्हणजे मोटर कार्बनची (ब्रशची) आहे, आत कायम चुंबक. अर्धं काम झालं. (ज्यांचा फॅन बीएलडीसी, म्हणजे बिनकार्बनच्या मोटरचा आहे त्यांनी हा प्रयोग करू नये. त्यात आत सर्किट असतं. उलट सप्लायवर तो एक तर गप्प बसतो, नाही तर सर्किट जळतं.)

स्विच बसवण्याआधी दोन गोष्टी तपासा. मोटरच्या दोन्ही वायरी सुट्या करा आणि मल्टिमीटरने प्रत्येक वायर व मोटरची बॉडी यांत कंटिन्युइटी (आतून जोड) आहे का बघा. यायला नको. आली तर मोटरचं मायनस बॉडीला आहे, आणि उलट करताच प्लस थेट चासीला शॉर्ट होईल. दुसरं, मोटरच्या टोकांवर आडवा डायोड टाकलेला आहे का ते बघा. तुमचा फॅन उलटा फिरला त्याअर्थी नसणार, पण दुसऱ्या कुणाचा फ्यूज उलट करताच उडत असेल तर आधी तिथेच बघावं. १०४ लिहिलेला चपटा कंडेन्सर असेल तर राहू द्या, त्याला प्लस-मायनस नसतं.

स्विच घ्या डीपीडीटी, म्हणजे दोन्ही वायरी एकदम पालटणारा, सहा पायांचा, मध्ये ऑफ असलेला, डीसी १० अँपिअरचा. चार पायांचा लाईटवाला रॉकर दिसायला तसाच असतो, तो कामाचा नाही. सहा पायांतही मध्ये ऑफ नसलेला मिळतो, म्हणून दुकानातच खटका मारून मधली जागा आहे का बघून घ्या.

पाय तीन ओळींत दोन-दोन असतात. मधल्या दोघांवर मोटर. वरच्या दोघांवर सप्लाय, डावीकडे प्लस, उजवीकडे मायनस. मग दोन छोटे तुकडे तिरपे: वरचा डावा ते खालचा उजवा, वरचा उजवा ते खालचा डावा. हे तुकडे एकमेकांवरून जातात आणि गाडीच्या हादऱ्याने घासतात. तिथे इन्सुलेशन फाटलं की सरळ बॅटरी शॉर्ट. दोन्हींवर श्रिंक स्लीव्ह चढवाच. टॉगलचा दांडा वर केला की मधला पाय खालच्याला जोडला जातो, म्हणून स्टिकर चिकटवण्याआधी मीटरने खात्री करा.

हा स्विच स्पीडच्या स्विचनंतर, मोटरच्या बाजूला टाका. म्हणजे तिन्ही स्पीड दोन्हीकडे मिळतील. वायर १.५ स्क्वेअर एमएम पुरते: ५ मीटर अंतर, जाऊन-येऊन १० मीटर, ३ अँपिअरला साधारण ०.३६ व्होल्ट पडतात. २.५ ची टाकलीत तर ०.२२. फ्यूज ५ चाच ठेवा आणि बॅटरीजवळ ठेवा, फॅनजवळ नाही.

टू-वेचं म्हणाल तर एकाने भागत नाही, दोन लागतात. प्रत्येकाचा कॉमन मोटरच्या एकेका वायरला, एक टोक प्लसला, दुसरं मायनसला. दोन्ही खटके एकाच बाजूला म्हणजे बंद. त्यात मोटरची टोकं एकमेकांना जोडली जात असल्याने फॅनला ब्रेकही लागतो. पण दोन्ही खटके प्लसच्या बाजूला राहिले तर फॅन बंद दिसूनही मोटरपर्यंत प्लस पोचलेला असतो, म्हणून वर वेगळा मेन स्विच हवा. शिवाय घरगुती स्विचवरचं रेटिंग एसीचं असतं. मी डीपीडीटीच घालीन.

आणि चालत्या फॅनला थेट उलट कधीच मारू नका. पाती फिरत असताना मोटर स्वतःचा व्होल्टेज तयार करत असते. उलट सप्लाय दिला की तो बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळतो आणि करंट जाम मोटरपेक्षाही जास्त ओढला जातो. फ्यूज नाही उडाला तरी स्विचची टोकं काळी पडतात. मध्ये आणा, पाती थांबू द्या, मग पुढे.

---

लातूर_कॅराव्हॅन

धन्यवाद दादा, बॉडीला कंटिन्युइटी नाही. तिरप्या तुकड्यांचं ध्यानात ठेवतो. पाती काढून उलटी बसवली तर वारं वाढेल का? आणि स्पीडच्या स्विचऐवजी पीडब्ल्यूएम रेग्युलेटर (सप्लाय झपाट्याने चालू-बंद करून स्पीड कमी करणारा बोर्ड) टाकला तर?

---

पंखेवाला_परभणी

नुसती पाती उलटी बसवून हवेची दिशा बदलत नाही, इथेच बरेच जण फसतात. नट उलटा करून लावला तरी आटे तेच राहतात, तसंच हे. दिशा बदलते ती फक्त फिरणं उलटल्यावर.

पात्याला बाक असतो आणि पुढची कड जाड, गोलसर, मागची पातळ. तुम्ही फिरणं उलटलं, त्यामुळे पातळ कड पुढे आली आणि बाकाची पाठ हवेला लागली. म्हणून वारं कमी. फिरणंही उलट आणि पातीही उलटी, असं दोन्ही केलं तर आत येणारं वारं चांगलं मिळेल, पण मग बाहेर फेकताना वारं कमी पडेल. रोज रात्री हवा आत घ्यायची असेल आणि बाहेर फेकणं फक्त फोडणीपुरतं, तर उलटी बसवा. नाही तर आहे तशीच राहू द्या, फुल स्पीडवर चालवा आणि खिडकी उघडी ठेवा. सगळं बंद असेल तर कोणताच फॅन हवा आत ढकलू शकत नाही.

उलटी बसवायची तर जाळी काढून आधी हब बघा. बऱ्याच पात्यांत शाफ्टचं डी आकाराचं भोक आरपार नसतं, मग विषयच संपला. आरपार असेल तर पाती आणि मोटरचा कंस यांत किमान ५-६ मिलिमीटर जागा सुटते का बघा.

याहून महत्त्वाचं आहे पाती शाफ्टवर कशाने धरली आहे ते. मोटर खाली आणि पाती वर, अशी बांधणी असेल तर हवा बाहेर फेकताना पाती मोटरवर दाबली जाते. उलट चालवली की तीच पाती शाफ्टवरून वर उचलली जाते. नुसती दाबून बसवलेली असेल तर सरकत सरकत झाकणाला लागते. क्लिप किंवा ग्रब स्क्रू पाहिजेच. नट असेल तर आटे बघा: टेबल फॅनला उलट्या आट्यांचा नट असतो, म्हणजे फिरण्यानेच तो आवळत राहतो. असा नट उलट फिरण्यात सैल होतो. थ्रेडलॉकचा एक थेंब लावा.

पहिल्यांदा उलट २० मिनिटं फुलवर चालवून मोटरला हात लावा आणि करंट मोजा. काही मोटरींचे कार्बन एकाच दिशेच्या हिशेबाने थोडे सरकवून बसवलेले असतात. त्या उलट फिरताना जास्त ठिणग्या टाकतात आणि कार्बन लवकर झिजतात. करंट २.८ पेक्षा बराच वर गेला किंवा जळकट वास आला तर मधल्या स्पीडवरच वापरा.

पीडब्ल्यूएम चालेल, पण डीपीडीटी त्याच्या आउटपुटनंतरच. स्वस्त बोर्डं मायनस बाजू कापतात, म्हणजे आउटपुटचं मायनस हे चासीचं मायनस नसतं. ते बॉडीला टेकवलंत तर फॅन कायम फुलवर पळेल. दोन्ही वायरी बोर्डापर्यंत परत न्या.

---

धूळ_आणि_ऊन

वायरिंगचं वरच्यांनी सांगितलं, मी वापराचं सांगते. दुपारी दोनला उलटा लावलात तर गाडीची भट्टी होईल. छताच्या पत्र्यालगतची तापलेली हवाच तो ओढतो. दुपारी बाहेर फेकायचा, सावलीच्या बाजूची खिडकी अर्धी उघडायची. उलटा लावायचा तो पत्र्यावर हात ठेवता आला की.

१२ व्होल्टचा छोटा कूलर लावत असाल तर छताचा फॅन बाहेरच ठेवा, हळू स्पीडला. कूलरची ओली हवा निघून जायला वाट हवी. दोघेही आत ढकलू लागले की तासाभरात चादरी दमट.

धुळीचं मात्र उलट आहे. फॅन बाहेर फेकत असतो तेव्हा दाराच्या फटींतून धूळ आत ओढली जाते. आत घेताना गाडीत थोडा दाब राहतो आणि फटी बंद असल्यासारख्या वागतात. पण मग सगळी धूळ छतातूनच येते आणि मच्छरदाणीच्या जाळीवरून थेट उशीवर पडते. स्प्लिट एसीची धुण्याजोगी जाळी मापाने कापून आतून लावा, आठवड्याला धुवा. वारं थोडं कमी होतं, पण घसा वाचतो.

रात्रभर ३ अँपिअर म्हणजे आठ तासांत २४ अँपिअर-अवर. लेड-अ‍ॅसिड १०० ची असेल तर तिचा पाव भाग गेला. पहाटे मधल्या स्पीडवर आणा.

---

बीड_बायपास

आमचा रिमोटचा आहे, थर्मोस्टॅटवाला. तोच स्विच बोर्डाच्या आधी टाकू का?

---

ऑटो_वायरिंग_जालना

बोर्डाच्या आधी अजिबात नाही, उलट सप्लायने बोर्ड जाईल. बोर्डातून मोटरकडे दोनच वायरी जात असतील तर तिथे टाका. तीन किंवा जास्त असतील तर ती बीएलडीसी आहे, सोडून द्या. आणि उलट चालवताना थर्मोस्टॅट बंद ठेवा. त्याला फक्त आतलं तापमान कळतं. बाहेर आतपेक्षा जास्त तापलेलं असलं तरी तो फॅन चालूच ठेवेल.