पोस्ट-रॉकमध्ये गायन हवं की नको?

प्रश्न: आम्ही तिघं अँबियंट पोस्ट-रॉक (रॉकचीच वाद्यं, पण गाण्यापेक्षा वातावरणावर भर) वाजवतो, दोन गिटार आणि ड्रम्स, आतापर्यंत सगळं इन्स्ट्रुमेंटल. आता एक मैत्रीण गायला तयार आहे, पण भीती वाटते की शब्द आले की ऐकणारा फक्त शब्दच ऐकेल. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: नका घालू प्लीज. टेक्सासचा बँड एक्स्प्लोजन्स इन द स्काय, ते गाण्याशिवायच सगळं सांगतात ना. मी रात्री हे संगीत लावतो ते कोणी काही सांगू नये म्हणूनच.

उत्तर: मला नाही पटत. आइसलँडच्या सिगुर रोस या बँडचा २००२ चा अल्बम ऐका, आठही ट्रॅक्सना नाव नाही आणि त्यांचा गायक योन्सी जे गातो ते व्हॉन्लेन्स्का, म्हणजे अर्थ नसलेले नुसते उच्चार, तेच तेच परत येतात आणि त्याचा तो उंच आवाज गजाने (बो) वाजवलेल्या गिटारमध्ये असा मिसळतो की कुठलं काय ते कळतच नाही, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं. आपल्याकडे आलापात तरी कुठे शब्द असतात? मैत्रिणीला आधी नुसत्या ‘आ’कारात गाऊ द्या, मिक्समध्ये आवाज मागे ठेवा, रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) भरपूर.

उत्तर: तिसरा रस्ता पण आहे. माँट्रियलचा बँड गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर, ते गात नाहीत, बोलणाऱ्या माणसांची रेकॉर्डिंग्ज वापरतात. फक्त एक, ड्रम्स चढत जातात त्या भागात आवाज नको, तिथे गिटारलाच बोलू द्या.

प्रश्नकर्ता: आकाराचं करून बघतो रविवारी. थँक्यू!