मदत हवी आहे : ठशात सफरचंदाचं फूल कसं कोरावं?

सुती कापडावर छापायला सागवानी ठसा करायचा आहे, १० सेंमीचा. फूल बदामाचं वाटता कामा नये. पाकळ्या दोघांनाही पाचच. पण सफरचंदात कुक्षिवृंत (फुलाच्या मधोमध उभे असणारे स्त्रीकेसराचे बारीक दांडे) पाच, बुडाशी जुळलेले, बदामात एकच. शिवाय सफरचंदाचा पाच-सहा फुलांचा झुबका आखूड फांदीच्या टोकाला येतो आणि मधलं फूल आधी उमलतं. तेवढं साधलं की झाड ओळखू येतं!

अडचण कुक्षिवृंतांची. रेषा बारीक ठेवल्या तर मधल्या फटीत रंग तुंबतो, जाड केल्या तर पाचांचा एकच ठिपका होतो. मुंबईच्या पावसाळी हवेत रंग लवकर वाळत नाही, म्हणून पसरतोही. ठसा कोरणाऱ्यांनी सांगावं : फट किती रुंद आणि खोल ठेवावी? की कुक्षिवृंतांचा वेगळा ठसा बरा? सेंट झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) फुलांसकटचा नमुना बघायला मिळेल का?