टीडीएसवरून क्षारांच्या थराचा अंदाज लागत नाही

"टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ९०० आहे, म्हणजे सोलर वॉटर हीटरच्या ट्यूब वर्षभरात चोंदणार" हा हिशोब मला पटत नाही. टीडीएस मीटर मीठही मोजतो, आणि मीठ ट्यूबला चिकटत नाही. चिकटतो तो चुना. तापल्यावर पाण्यातल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि कॅल्शियमबरोबर त्याचा पांढरा थर बसतो.

म्हणून प्रयोगशाळेतून कॅल्शियम हार्डनेस (कॅल्शियममुळे येणारा जडपणा), अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेटचं प्रमाण) आणि पीएच काढून घ्या. टीडीएस आणि तापमान जोडलं की लँगेलिअर निर्देशांक निघतो. १९३६ सालची ही पद्धत आजही कामाची आहे. निर्देशांक शून्याच्या वर गेला तर थर बसण्याकडे कल. फक्त तापमान २५ नव्हे, ६०-७० अंश धरा. थंड पाण्याला निर्धोक वाटणारा आकडा तिथे पार बदलतो.

थर किती, हे मात्र निर्देशांक सांगत नाही. लिटरला ३०० मिलिग्रॅम हार्डनेसचं १५० लिटर पाणी रोज वापरलं तर ४५ ग्रॅम क्षार आत येतात. त्यातला एक टक्का जरी बसला, तरी वर्षाला दीडशे ग्रॅमच्या वर!

आणि उन्हाळ्यात गावाला जाताना ट्यूब झाकून जा. न वापरलेलं पाणी उकळत राहतं, तेव्हा क्षार पाण्यातून भराभर वेगळे होऊन बसतात.