मदत हवी आहे: परदेशातल्या स्की रेसमध्ये काचेसारखा बर्फ आणि शेवटचा बिब (सुटायचा नंबर)

फोंडेकरीण:
गोव्यातून स्कीइंगचा प्रश्न म्हटल्यावर हसाल, हसा बापडे. आमचं चेडू १७ वर्षांचं. लहानपणी इथेच इनलाइन स्केटिंग करायची, मग ह्यांची बदली काश्मीरला झाली तिथे गुलमर्गला शिकली आणि आता टीमबरोबर युरोपात छोट्या एफआयएस (आंतरराष्ट्रीय स्की महासंघ) रेसला जाते, स्लालम आणि जायंट स्लालम, म्हणजे रोवलेल्या खांबांच्या गेटांमधून वळत वळत दोनदा उतरायचं. घरात बाकी कुणाला बर्फातलं ओ की ठो कळत नाही.

अडचण अशी की गुलमर्गचा बर्फ मऊ, आणि तिकडे रेसच्या उतारावर पाणी मारून तो गोठवलेला असतो. त्यात तिला रँकिंगचे पॉइंट नाहीत म्हणून बिब सगळ्यात शेवटचा. तिच्या आधी ढीगभर पोरी त्याच गेटांवरून गेलेल्या, प्रत्येक गेटखाली खोल चर पडलेले, स्की त्या चरात शिरली की जिथे नेईल तिथे जायचं. पहिल्या रनलाच डीएनएफ (रेस अर्धवट), परत डीएनएफ. फोनवर म्हणते आई मला भीती नाही वाटत, पाय ऐकतच नाहीत. मला ते पटतं, कारण हीच पोरगी ताज्या ट्रॅकवर मस्त येते. इथले नातेवाईक म्हणतात धीर कमी पडतो, त्यांना काय सांगणार? कोच चांगले आहेत पण एक माणूस आणि एवढी मुलं. ढगाळ उजेडात तर खाचखळगे दिसतच नाहीत म्हणते. कुणी रेसिंग केलंय का, काय बदलायला सांगू? आणि गोव्यात असताना सराव काय करायचा?

बर्फातला पुणेकर:
ताई, नातेवाईकांना सोडा. पहिल्या रनला पॉइंटच्या क्रमाने सोडतात, वरच्या १५ जणींची आपसात चिठ्ठी पडते, म्हणजे पॉइंट नसले की उखडलेला ट्रॅकच वाट्याला येणार, आणि तो ट्रॅक पूर्ण केल्याशिवाय पॉइंट मिळणार नाहीत. हे चक्र तोडायचं तर आधी खाली पोचायचं, दोन्ही रनना. वेळ नंतर बघू.
चरांचं म्हणाल तर त्याच्याशी भांडायचं नाही. गेटच्या बरंच वर वळण सुरू करायचं, म्हणजे चरात शिरेपर्यंत स्की वळलेली असते. वजन दोन्ही पायांवर, आत झुकायचं नाही, गुडघे सैल आणि नजर पुढच्या दोन गेटांवर. इन्स्पेक्शनला (रेसआधी उतार बघू देतात तेव्हा) गेट सगळेच पाठ करतात, तिला म्हणावं उतार कुठे मोडतो, सावली कुठे, तेही पाठ कर, मग उजेड गेला तरी पायांना ठाऊक असतं. गॉगलला कमी उजेडाची वेगळी लेन्स आहे ना?
आपल्या स्कीपटू आरिफ खानचं तिला सांगा. बीजिंग हिवाळी ऑलिंपिक २०२२, जायंट स्लालमला बर्फ पडत होता, जवळजवळ अर्ध्या लोकांची रेस पूर्ण झाली नाही आणि हा गुलमर्गकडचा मुलगा ४५वा आला. तीन दिवसांनी स्लालममध्ये तोही पहिल्याच रनला बाहेर.

म्हापशेकर_बाबू:
वहिनी, स्की ठेवता कुठे? आपल्या हवेत लोखंडाचे विळे गंजतात तिथे स्कीच्या एज (कडेच्या पोलादी पट्ट्या) काय टिकणार!! मी दुबईत स्कीच्या दुकानात कामाला होतो म्हणून सांगतो, परत आल्यावर एज कोरड्या पुसायच्या, खाली वॅक्सचा जाड थर देऊन एजवरही ओढायचा आणि तो तसाच ठेवायचा, जायच्या आधी खरवडायचा. कडक बर्फावर वॅक्सपेक्षा एजच धरते, साईड एज ८७-८८ अंशांवर नीट घासलेली पाहिजे. बोथट एजवर कुणाचेही पाय ऐकणार नाहीत. आणि जुनं फ्लोरिनवालं वॅक्स कुणी दिलं तर घेऊ नका, २०२३-२४ पासून एफआयएसने बंद केलंय.
सरावाचं म्हणाल तर गोंयकारांचं कोणी ना कोणी दुबईत असतंच. तिथल्या स्की दुबई या बंदिस्त बर्फाच्या हॉलचा मोठा उतार ४०० मीटर, छोटाच, पण गेट लावायला मिळाले तर स्लालमला पुरे. शेवटी आत पण सगळे एकाच ठिकाणी वळून चर पाडतातच.

फोंडेकरीण:
बाबू, स्की माळ्यावर आहेत, पावसाळाभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून 🙈 आत्ता ह्यांना वर चढवते. नणंद शारजाला असते, तिला फोन लावते.
पुणेकर दादा, एकच विचारते, पहिला रन कसाबसा पुरा केला तर दुसऱ्याला जोर लावू दे की नको? ती ऐकणारी नाही.

बर्फातला पुणेकर:
दुसऱ्या रनला पहिल्या ३० जणी उलट्या क्रमाने येतात, बाकीच्या त्यांच्या मागे, म्हणजे ट्रॅक परत उखडलेलाच. वरचा चढा भाग सांभाळून, खालच्या सपाटीला काय जोर लावायचा तो लावू दे. सपाटीवर चर पण उथळ असतात. एजचं तेवढं आधी बघा मात्र.