शब्दचर्चा: जक्कयचे ‘दान’ म्हणावे की ‘देणे’?

प्रश्न

बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात येशूला भेटलेला श्रीमंत जकातदार जक्कय एकाच दमात दोन क्रियापदे वापरतो: आपले अर्धे द्रव्य तो दरिद्रांना ‘देतो’ आणि अन्यायाने कोणाचे काही घेतले असेल तर ते चौपट ‘परत करतो’. प्रवचनांत मात्र या दोहोंना मिळून ‘जक्कयचे दान’ म्हटलेले कानावर येते. हा प्रयोग योग्य आहे का, आणि मुळात ‘जकातदार’ म्हणजे कोण, हे जाणकारांनी कृपया स्पष्ट करावे.

उत्तर

‘जकातदार’ हा शब्द बायबलच्या मराठी अनुवादकांनी विचारपूर्वक निवडलेला दिसतो. रोमन अमलाखालच्या त्या प्रदेशात नाक्यांवरच्या जकातीची वसुली मक्त्याने दिली जात असे. मक्तेदाराने ठरलेली रक्कम सरकारात भरायची आणि मालवाल्यांकडून त्याहून अधिक जे निघेल ते स्वतःच्या पदरात पाडून घ्यायचे, असा तो व्यवहार होता. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलतीसुद्धा अशाच मक्त्याने दिल्या जात, त्यामुळे या पद्धतीत रयत कशी भरडली जाते हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ‘मक्तेदार’ हा शब्दही चालला असता, परंतु ‘मक्तेदारी’चा आजचा रूढ अर्थ निराळा झाल्याने ‘जकातदार’च बरा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांना (लूक ३) धंदा सोडा असे सांगितले नाही, ठरवून दिले आहे त्याहून जास्त घेऊ नका एवढेच सांगितले, हेही येथे लक्षात घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. मूळ ग्रीकमध्येही येथे दोन क्रियापदे आहेत, ‘दिदोमी’ आणि ‘आपोदिदोमी’. दुसरे पहिल्यापासूनच बनलेले असले तरी ज्याचे त्याला परत देणे, देणे फेडणे असा त्याचा अर्थ होतो. हा भेद मोशेच्या नियमशास्त्रात रुजलेला आहे. लेवीय ६ प्रमाणे फसवणुकीने घेतलेली वस्तू पाचवा हिस्सा अधिक घालून परत करायची असे, तर निर्गम २२ प्रमाणे चोरलेले मेंढरू कापले वा विकले असल्यास एकाची चार भरायची असत. जक्कय पाचव्या हिश्श्यावर थांबत नाही, तो चोराला लागू होणारा दर स्वतःला लावून घेतो. ही रक्कम दान नव्हे, भरपाई आहे. तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अक्वायनसनेही परतफेडीचा विचार परोपकाराखाली न करता न्यायाखाली केला आहे.

गंमत म्हणजे मराठीला हे सारे आधीपासून ठाऊक आहे. ‘देणे’ हे क्रियापद असले तरी नाम म्हणून त्याचा अर्थ ऋण असाही होतो. ‘तो माझे हजार रुपये देणे लागतो’ या वाक्यात औदार्याचा लवलेशही नसतो. ‘आपण समाजाचे काही देणे लागतो’ असे व्यासपीठावरून म्हणून लगेच ‘देणगी’ जाहीर करणारे गृहस्थ दोन वेगळ्या खात्यांची गल्लत करीत असतात.

शंका

परंतु ज्यांना लुबाडले ते बहुधा गरीबच असणार. मग ही दोन खाती वेगळी ठेवणे कृत्रिम ठरत नाही का?

उत्तर

ज्यांची नावे जक्कय सांगू शकतो त्यांना चौपट, आणि सांगू शकत नाही त्यांच्यासाठी अर्धी मालमत्ता, असा अर्थ लावता येतो. तरीही खाती वेगळीच राहतात. शिवाय हिशेब करून पाहावा: उरलेल्या अर्ध्यातून चौपट भरायचे, तर लुबाडलेली रक्कम मूळ संपत्तीच्या आठव्या हिश्श्याहून अधिक असता कामा नये. म्हणून काही अभ्यासक त्याला लबाड मानत नाहीत आणि ‘देतो’चा अर्थ ‘नेहमीच देत आलो आहे’ असा करतात. ग्रीक वर्तमानकाळ दोन्ही अर्थांना वाव देतो आणि आपला ‘देतो’ही देतो. मला स्वतःला मात्र तो संकल्पच वाटतो, कारण ‘आज या घराला तारण (म्हणजे उद्धार) प्राप्त झाले आहे’ हे येशूचे उत्तर त्याखेरीज नीट लागत नाही.

पुरवणी

बायबलमधीलच याकोबाच्या पत्रातील ५:४ हे वचनही या चर्चेत यायला हवे. शेते कापणाऱ्या कामकऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असे तेथे म्हटले आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात कामगारांच्या वेतनाविषयी लिहिताना याच वचनाचा आधार घेतला. मराठीत मजुरी ‘थकते’, ‘अडकवली जाते’ आणि ‘बुडवली जाते’. पहिल्यात दोष कोणाचा हे उघड होत नाही, दुसऱ्यात हेतू दिसतो आणि तिसऱ्यात पैसे गेलेलेच असतात. याकोबाला अभिप्रेत असलेला आरोप दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला आहे, तेव्हा तेथे ‘थकलेली मजुरी’ असे सौम्य रूप कोणी वापरू नये. आणि अशी मजुरी अडकवून ठेवणाऱ्या मालकाने सणाला मंदिराच्या बांधकामासाठी रक्कम दिली, तर पावतीवर ‘देणगी’ लिहिले जाईलही. मजुरांच्या वहीत मात्र तीच रक्कम ‘येणे बाकी’ या सदरात राहील.