ऐरणीला ठोकळा करू की लोखंडी स्टँड? (कोल्हापूर, बजेट २५०० रु.)

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी. परसात छोटी भट्टी मांडली आहे, विळ्या-खुरपी घडवायला शिकतोय. ४० किलोची जुनी ऐरण मिळाली, उंची ९ इंच. सध्या फरशीवरच ठेवलीय, वाकून वाकून कंबर धरते. घर भाड्याचं, त्यामुळं खड्डा काढता येत नाही. शहाबादी फरशी खालीवर आहे. शेजारी तान्हं बाळ आहे, आवाज कमी हवा. खर्च २५०० च्या आत. कशी बसवू?

बाभूळबन:
बाभळीचा बुंधा. दुसरा विचारच करू नका. आमच्या गावच्या लोहाराचा ओंडका दोन-अडीच फूट जमिनीत गाडलेला आहे, घणाचे घाव खाऊन वरची कड गोल झालीय पण जागचा हललेला नाही. वखारीतून आणा, आणि लाकूड झाडात असतं तसं उभंच ठेवा. आडवं ठेवलं की चिरतं.

शिरोली_वेल्डर:
खड्डा काढता येत नाही म्हणालेत की ते! दादा, तीन पायांचा स्टँड करा. तीन पाय कसल्याही फरशीवर डुगडुगत नाहीत, चार पायांना पाचरी मारत बसावं लागतं. माझ्या स्टँडला ७५ बाय ७५ चा चौकोनी पाईप, वर १२ मिमीची प्लेट, पाय जरा बाहेर फाकवलेले. पाईपात वाळू भरली आणि खणखणाट बसला. ऐरणीच्या बुडावर दोन्हीकडून पट्टी घालून बोल्ट आवळलेत. ६५०० लागले, पण नातवंडं वापरतील असं काम झालंय.

रुळावरचा:
एवढा खटाटोप कशाला? रेल्वेच्या रुळाचा दोन फुटी तुकडा उभा करा. ऐरण आणि स्टँड एकातच.

शिरोली_वेल्डर:
ऐरण आहे त्यांच्याकडं. आणि रुळाचा तुकडा भंगारात दिसला म्हणून उचलू नका. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्यात नुसता ताबा सापडला तरी गुन्हा आहे. लिलावाची पावती दाखवणारा असेल तरच घ्या.

रुळावरचा:
माझ्याकडं पावती आहे.

जुना_मिस्त्री:
आधी ऐरण बिडाची (ओतीव लोखंडाची) आहे का पोलादी ते बघा. आपल्याकडं फाउंड्र्या रग्गड, बिडाचे ठोकळे ऐरण म्हणून सर्रास खपवतात. मला एका भंगारवाल्यानं अशीच गळ्यात मारली, महिन्यात कोपरा उडाला. बेअरिंगची गोळी १० इंचांवरून सोडा. चांगलं पोलाद तिला ७-८ इंच परत फेकतं, बिडावर ती मरगळून पडते.

उंचीचं कुणीच बोललं नाही. कामाचे बूट घालून ताठ उभं राहायचं, हात खाली सोडून मूठ वळायची. मुठीच्या गाठी जिथं येतील तिथं ऐरणीचं तोंड. समजा जमिनीपासून २९ इंच भरलं, तर ९ वजा करून २० इंचांचा ठोकळा. घण मारायला दुसरा माणूस असेल तर आणखी खाली घ्या.

पंचगंगाकाठ:
बाभूळच घ्या. मीही वापरतो.

गोकुळ_शिरगाव_९:
बाभूळ ठीक, पण वाळलेली बघून घ्या. मला वखारवाल्यानं ओली दिली, उन्हाळ्यात बोट जाईल एवढी भेग पडली आणि खिळे सैल झाले.

बाभूळबन:
धाव चढवायची ना मग! बैलगाडीच्या चाकाला चढवतात तशी लोखंडी पट्टी तापवून लाल करायची, ठोकून बसवायची आणि पाणी मारायचं. पट्टी आवळून धरते. आता बैलगाड्याच राहिल्या नाहीत, तर ही कला कोण शिकणार? माझे आजोबा…

शिरोली_वेल्डर:
धाव आणि बैलगाडी यासाठी वेगळा धागा काढा की भावा.

अंबाबाईचा_भक्त:
बाळाचं बोला कुणीतरी. ऐरणीच्या कमरेला जाड साखळी घट्ट आवळायची, आणि शिंगाच्या (ऐरणीच्या निमुळत्या टोकाच्या) पोटाला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक चिकटवायचं. मधल्या आळीतनं माझ्या ऐरणीवर तक्रार यायची, ती थांबली. खर्च शंभरही नाही.

राजारामपुरीकर:
सगळ्यांचे आभार. गोळी टाकून बघितली, साडेसात इंच उसळली, म्हणजे पोलादच आहे. माझ्या मुठीची उंचीही नेमकी २९ इंच भरली.

ठोकळा नाही आणि स्टँडही नाही, मी वाळूवर बसवणार आहे. उद्यमनगरात भंगारात १४ इंची पाईपचा तुकडा बघून ठेवलाय. बुडाला प्लेट आणि तीन बुटके पाय वेल्ड करून, पायांसकट २१ इंच उंच, २२०० सांगितलेत. आत वाळू, वर दोन इंची फळी, तिच्यावर ऐरण. पाईपची कड ऐरणीच्या बुडापेक्षा इंचभर वर राहील, म्हणजे ऐरण सरकणार नाही. बोल्ट नको, उंची वाळूनं कमीजास्त करता येते, आणि घर बदललं की वाळू ओतून निघायचं.

बाभूळबन:
विचारलंत कशाला मग?

जुना_मिस्त्री:
चालेल हे. फक्त वाळू चाळून, कडक उन्हात वाळवून भरा, ओली राहिली तर पाईप आतनं गंजतो. फळी पाईपच्या आतल्या मापापेक्षा बोटभर लहान कापा, नाहीतर ती कडेला अडकते आणि खाली पोकळी राहते. सुरुवातीला वाळू बसेल, तेव्हा ऐरण उतरवून पुन्हा भरावी लागेल.