जुन्या लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टवर माऊस चालतो, हार्ड डिस्क चालत नाही

प्रश्न:
लॅपटॉप जुना आहे, पण बाकी ठणठणीत. डावीकडे यूएसबी २.० चे दोन पोर्ट, उजवीकडे एक ३.० चा. डावीकडे माऊस, पेनड्राइव्ह बिनतक्रार चालतात. पोर्टेबल हार्ड डिस्क लावली की मात्र दिवा लागतो, आतून टक्-टक् आवाज येतो आणि ड्राइव्ह गायब. त्यात आईबाबांचे सगळे जुने फोटो आहेत, दुसरीकडे कॉपी नाही. जीव टांगणीला लागलाय. पोर्ट गेलाय की डिस्क?

उत्तर १:
आधी एक करा, ती डिस्क डावीकडे परत लावून बघू नका. करंट अपुरा पडला की आतली फिरणारी प्लेट पूर्ण वेग घेत नाही, डेटा वाचणारं हेड पुन्हा पुन्हा मागे येतं, तोच हा आवाज असू शकतो. २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत देतो, ३.० चा ९०० पर्यंत. डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा तिला सर्वात जास्त लागतं. माऊसला फारच थोडं पुरतं, म्हणून माऊस चालला याचा अर्थ पोर्ट धडधाकट आहे असा होत नाही.
चार्जर लावा, आखूड केबल घ्या आणि उजवीकडे लावा. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) मिळाला तर उत्तमच. तिथेही टकटक झाली तर लगेच काढा, मग डिस्कच आजारी आहे.

उत्तर २:
विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या (लॅपटॉपमधले पोर्ट सांभाळणारा भाग) पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची टिक काढून बघा.

उत्तर १:
ती टिक काढायला हरकत नाही, पण डिस्क चालू होऊन काही वेळ पडून राहिल्यावर गायब होत असेल तर तिचा उपयोग. इथे डिस्क सुरूच होत नाहीये.

प्रश्नकर्ता:
उजवीकडे आखूड केबलने लावली, चालली! फोटो कॉपी होतायत. पण डावीकडे आता काहीच न लावता 'पॉवर सर्ज' (पोर्टवर प्रमाणाबाहेर वीज खेचली जातेय) असा मेसेज येतोय.

उत्तर १:
कॉपी पूर्ण होऊ द्या, काही फोटो उघडून बघा, मगच पोर्टकडे वळा. लॅपटॉप बंद करा, चार्जर आणि निघत असेल तर बॅटरी काढा, टॉर्च मारून पोर्टात बघा. आतल्या चार पट्ट्यांपैकी एखादी वाकून शेजारच्या पट्टीला किंवा बाहेरच्या पत्र्याला टेकली की शॉर्ट होतो आणि बोर्ड त्या पोर्टची वीज तोडतो. कचरा असेल तर लाकडी काडीने हलकेच काढा, पिन किंवा सुई अजिबात नको. पट्ट्या सरळ असूनही मेसेज आला तर दोष पोर्टच्या सोल्डरिंगमध्ये (बोर्डावरच्या डागकामात) किंवा बोर्डावर आहे. दुरुस्तीवाल्याला पोर्टवर मीटर लावायला सांगा, डिस्क जोडलेली असताना साधारण ५ व्होल्ट टिकायला हवेत. तोवर डावीकडे काही लावू नका.